वळणावर राहिलेला जीव

इंद्रायणीच्या नवऱ्याचा, काकासाहेबाचा पाय डॉक्टरांनी आत सळी घालून जोडला, प्लास्टरही काढलं. पण पाय काही जमिनीला टेकेना. काकासाहेब जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराची मोटार चालवायचा. पाच महिन्यांपूर्वी ती मोटार केदारखेड्याच्या अलीकडच्या वळणावर तीन कोलांट्या खाऊन पुलाखाली गेली होती. "आता चालला नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल," असं बजावून डॉक्टर थकले. काकासाहेब पाय खाली सोडायचा, घामाने निथळायचा आणि म्हणायचा, "जमीन हलून राह्यली. मला न्हाई जमायचं." बत्तीस वर्षांचा गडी दिवसभर बाजेवरून छताकडे पाहत राही.

शेवटी शेजारच्या साळूबाईंनी निदान केलं. "हाडं घरी आले, जीव तिथंच राह्यला. भर दुपारी हाक मारून आनावा लागतो. येताना मागं पाह्यचं न्हाई, बोलायचं न्हाई. दारात 'आलात का' इचारायचं. त्यानं आतून 'आलो' म्हनलं की मोकळं."

"अन् मागं भलताच कोनी आला तं?"

"म्हनून तं नाव घेऊन बोलवायचं, पोरी."

बारा वाजता वळणावर चिटपाखरू नव्हतं. कपाशीचं पानही हलत नव्हतं. डांबरावर काचेचा चुरा अजून चमकत होता आणि मोटारीने सोललेल्या बाभळीतून लाल डिंक ओघळत होता. साळूबाईंनी खूण केली, पण इंद्रायणी अडली. दहा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात. भर रस्त्यात ते कसं घेणार? तिने पदर तोंडावर ओढला आणि ओरडली, "अहो! चला ना घरी!"

दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्या हाकेला पुलाखालून उत्तर आलं, "आलो गं, आलो."

दोघी गर्रकन वळल्या आणि चालू लागल्या. मागे काठीची टकटक आणि पाय फरपटल्याचा आवाज.

"किती येळ लावला! एकटाच बसून राह्यलो. घसा पार वाळला."

इंद्रायणीचे डोळे भरून आले. पाच महिने बिचारा उन्हात, बिनपाण्याचा! आणि आपण बाजेवरच्या रिकाम्या कुडीला दूधभात भरवत बसलो. आवाज फार खरखरीत वाटत होता, पण एवढ्या तहानेनंतर कोणाचाही होईल. साळूबाई जन्मभर असले उपाय सांगत आल्या होत्या, पण एखादा इतका लागू पडल्याची ही पहिलीच वेळ. त्यांचे दात वाजत होते.

"रुसली का? बोल की!"

इंद्रायणीने पदर दातात धरला.

गावाजवळ एक कुत्रं त्यांच्या मागे पाहून भुंकलं आणि एकदम गप्प झालं. मागचा आवाज केविलवाणा झाला. "काहीच दिसून न्हाई राह्यलं गं. समदा अंधार हाय. जरा हात दे."

डोक्यावर रखरखीत ऊन होतं. इंद्रायणीने न वळता हात मागे केला. थंडगार, सुरकुतलेला हात तिच्या हातात आला. तिने तो घट्ट धरला. कसाही असला तरी आपलाच होता.

दारात पोचताच तिने विचारलं, "आलात का?"

सकाळपासून पढवलेल्या काकासाहेबाने आतून तोंड उघडलं, तोच मागून उत्तर आलं, "आलो ना! पानी दे आधी."

बायकोच्या खांद्यामागे काकासाहेबाला हिरव्या पट्टीखाली झाकलेला डोळा दिसला. दुसरा डोळा पांढुरका होता.

"को... कोन तुम्ही?"

"मी धर्मराज."

काकासाहेबाने या नावाचा एकच अर्थ घेतला. पुलाखाली अर्धवट राहिलेलं काम उरकायला साक्षात यम आला होता आणि त्याला हाताला धरून आपल्याच बायकोने घरात आणलं होतं. बाज करकरली, चुलीजवळचा हंडा कलंडला, मागचं दार धाडकन उघडलं.

"पाय! पाय!" साळूबाई किंचाळल्या.

काकासाहेब मागच्या अंगणात धापा टाकत उभा होता. दोन्ही पायांवर.

दोन तांबे पाणी पोटात गेल्यावर म्हाताऱ्याने उलगडा केला. नाव खरंच धर्मराज, राहणार राजूरचा. आदल्याच दिवशी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या डोळ्याला धूसर दिसायचं, उन्हात तर तेही नाही, आणि ऐकायलाही कमी यायचं. जीप वळणापलीकडे पंक्चर झाली, तेव्हा त्याला पुलाखाली सावलीत बसवून बायको मालनबाई पाणी शोधायला मळ्यात गेली होती. "चाळीस वरीस झाले, 'अहो' म्हनलं की उठतो," तो म्हणाला. मग एकदम कासावीस झाला. "आता माझी म्हातारी तिथं मला हुडकीत असंल."

इंद्रायणी ओशाळून उठली. काकासाहेब दाराची चौकट धरून उभाच होता. रस्त्याकडे पाहताना त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

"तू ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "त्या पुलाखाली मानूस वाट कसं पाहतं ते मला ठाव हाय. मी नेतो बाबाला."

त्याने म्हाताऱ्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. पहिल्या पावलाला गुडघा थरथरला, दुसऱ्याला तो भिंतीवर टेकला, तिसरं पडायला फार वेळ लागला. इंद्रायणी उंबऱ्यात श्वास रोखून उभी राहिली. दोघे लंगडत कोपऱ्यावरून वळले आणि दिसेनासे झाले.

इंद्रायणी कलंडलेला हंडा उभा करायला वळली. मग लांबून म्हाताऱ्याचा वैतागलेला आवाज आला, "अरे ए, जरा दमानं चाल ना! आंधळ्या मानसाला पळवून राह्यला का?"