जाधवकाकांच्या गाडीचे दात

जाधवकाका मोटरसायकलचा हॉर्न वाजवत नाहीत. लालबागच्या बाजारात, तेही गणपतीच्या गर्दीत, हॉर्नशिवाय गाडी काढणारा हा एकमेव इसम. "हॉर्न भित्रे वाजवतात," हे त्यांचं ब्रीद. तशी गरजही नव्हती म्हणा. त्यांची चेन एवढी खडखडायची की माणसंच काय, मांजरंही आधीच बाजूला व्हायची.

काका शिवडीच्या एका गोदामात कामाला. संध्याकाळी ते चाळीच्या नाक्यावर वळले की माझी ऑनलाइन मीटिंग बोंबललीच. एकदा साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "घरात पिठाची गिरणी टाकलीत का?"

मी कितीदा सांगितलं, "काका, चेन बदला."

उत्तर ठरलेलं. "माझेपण अर्धे दात पडलेत. मलापण बदलणार काय रे?"

मग काका साताऱ्याला लग्नाला गेले आणि जाताना चावी देऊन गेले. "मधेमधे चालू करत जा." मी गाडी थेट गॅरेजात नेली.

मेकॅनिक म्हणाला, "नुसती चेन नाय चालणार. ही पुढची-मागची चक्रं बघा, दात पार झिजलेत. नव्या चेनची वाट लावतील."

"टाक सगळा सेट नवा!" मी दानशूराच्या थाटात म्हणालो.

काका परतले, कामावर गेले. संध्याकाळी मी शाबासकी घ्यायला गॅलरीत उभा. गाडी कधी आली ते मलाही कळलं नाही. काका वर आले, तर दार बंद. त्यांनी कडी वाजवली. आतून काकू दचकून ओरडल्या, "कोण?"

"मी गं."

"तुम्ही? आणि गाडी?" पाठोपाठ भांडं घरंगळल्याचा आवाज.

काकूंची नजर गेलीय, हे अख्ख्या चाळीला ठाऊक. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की नाक्यावरची ती खडखड ऐकून काकू भिंत चाचपत उठायच्या आणि काका जिना चढेपर्यंत दार उघडून उभ्या राहायच्या. हे एक काम त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं.

मी गॅरेजात पळालो. जुनी चेन भंगारात गेली होती. काकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "चांगली बसवलीय रे. मऊ चालते."

दुसऱ्या संध्याकाळी, ऐन मीटिंगमध्ये, नाक्यावरून आवाज आला. पीं. पीं. चोरून वाजवल्यासारखा.

मी जिन्यात आलो. काका चढत होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

"कोणी ऐकलं काय रे?"

"काय, काका?"

"काय नाय."

वरती कडी निघाली.