पडल्याचा लाडू

घोड्यावरून कुणी पडलं, की बघणारे एक तर धावतात नाही तर हसतात. आमचे वाघमारे काका डबा उघडतात. त्यातून शेंगदाणे-गुळाचा एक लाडू काढतात, पडलेल्या माणसासमोर उकिडवे बसतात आणि विचारतात, “हातपाय हलायलेत का? मग हे खा. खाऊन झालं की सांगा, कसं पडलाव.”

मी हा लाडू पहिल्याच दिवशी खाल्ला. तळवड्याला एका ऑफिसात खुर्चीवर बसून बसून माझं पोतं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी हालचाल करा. चाळिशी उलटलेल्या शहाण्या बाईनं चालायला जावं. मी घोड्यावर बसायला गेले. घोडा हलला, मी जागच्या जागी राहिले, आणि आमची ताटातूट झाली. जमिनीवर बसून रडावं की उठून गुपचूप घरी जावं असा विचार चालला होता, तेवढ्यात नाकासमोर लाडू आला.

लाडवामागचा माणूस बघण्यासारखा होता. डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. वाघमारे काका चाकणच्या एका कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. कंपनीनं त्यांना निरोप दिला, पण त्यांनी काही कंपनीला निरोप दिला नाही. रावेतच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी ते अजून आत डोकावून “जमीन आहे का” बघतात. गणपतीच्या मांडवात आरतीआधी बाहेर पडायचा रस्ता दाखवतात. मूळचे मराठवाड्याचे, तरुणपणी हेल्पर म्हणून पिंपरीत आले ते इथलेच झाले. बोली मात्र तिकडचीच राहिली.

आता मैदानाविषयी. कारखान्याची भिंत आणि नदी यांच्यामध्ये एका शेतकऱ्याची पडीक जमीन आहे, तिथं रविवारी सकाळी घोडेवाले जमतात. काका यायच्या आधी तिथं म्हणे तीन राज्यं होती. एक क्लबवाल्यांचं: चकचकीत बूट, घट्ट विजारी, घोड्याशीसुद्धा इंग्रजीत बोलणारे. दुसरं घाटवाल्यांचं. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. त्या घाटात बैलांच्या पुढं घोडी पळवणारे हे चाकणच्या आसपासच्या गावांतले गडी. आठवडाभर कंपनीत शिफ्ट, रविवारी घोडी. आणि तिसरं वरातवाल्यांचं, म्हणजे पिंपरीच्या रफिकभाईंचं आणि त्यांच्या राणी नावाच्या पांढऱ्या घोडीचं. राणीनं आजवर किती नवरदेव मांडवात पोचवले याचा हिशेब नाही. ती संथ चालते आणि ढोल ऐकला की थांबून नाचते.

तिन्ही राज्यांत बोलणं नव्हतं. क्लबवाला पडला की घाटवाले खिंकाळायचे, घोड्यांपेक्षा जोरात. क्लबवाल्यांना राणीच्या घुंगरांचा त्रास व्हायचा. रफिकभाई कडेला बाभळीखाली उभे राहायचे आणि कुणाशी वैर नको म्हणून कुणाकडेच बघायचे नाहीत.

काका तिथं मुळात फिरायला आले होते. त्यांच्यादेखत क्लबमधली एक मुलगी पडली. घाटवाले हसले, क्लबवाल्यांनी न पाहिल्यासारखं केलं, आणि ती पोरगी तोंड लपवत लंगडत गाडीकडे निघाली. काकांनी शिट्टी मारली. अशी मारली की माणसं तर थांबलीच, घोडेही थांबले.

“काम बंद,” काका म्हणाले. “अपघात झालाय. सगळे इकडं या.”

कारखान्यांच्या मुलखात वाढलेली माणसं आम्ही. शिट्टी मारून कुणी “काम बंद” म्हटलं, की हा कोण, कुठला, हे विचारायच्या आत पाय गोळा होतात. तशी तिन्ही राज्यं आयुष्यात पहिल्यांदा एका गोलात उभी राहिली.

पुढच्या रविवारपासून काकांनी कंपनीची रीतच तिथं आणली. आमच्याकडच्या कारखान्यांत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे गोलात उभे राहतात आणि आज काय चुकू शकतं ते बोलतात. अपघात होता होता टळला असेल तर त्याला ‘नियर मिस’ म्हणतात, आणि तो सांगणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही, उलट टाळ्या वाजवायच्या, असा नियम असतो. काकांनी यात लाडवाची भर घातली. लाडू काकू करायच्या.

पहिले काही रविवार कुणी तोंड उघडलं नाही. “नियर मिस सांगा,” म्हटलं की सगळे आपापल्या घोड्याच्या कानाकडे बघायचे. घाटवाल्यांचा म्होरक्या दत्ता तर मिशीवर हात फिरवून म्हणाला, “काका, आमी घाटातली मान्सं. आमी पडत न्हाई.”

दत्ताला पाडलं ते मैत्रीनं. क्लबमधल्या एका डेप्युटी मॅनेजरला वाटलं, आपण या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावं. दत्ता घोडीवर सैल बसून तंबाखू मळत होता. लगाम मांडीवर. डेप्युटी मॅनेजरनं लांबून हात हलवला आणि प्रेमानं ओरडला, “दत्ताभाऊ, भिर्रर्र!”

आता घाटात भिर्रर्र ही आरोळी कधी देतात, तर गाडा सुटला की. घोडी त्याच आरोळीवर वाढलेली. ती सुटली. तंबाखू एकीकडे, दत्ता दुसरीकडे, आणि घोडी नदीच्या दिशेनं दिसेनाशी.

क्लबवाल्यांचे गाल फुगले होते. इतक्या दिवसांची परतफेड ओठांवर आली होती. तेवढ्यात काका डबा घेऊन दत्तासमोर उकिडवे बसले. “कशाला लाजायलाव? खा. कसं पडलाव?”

दत्तानं लाडू खाल्ला. मिशी पुसली. मग म्हणाला, “काय सांगायचं राव. घोडी गेली, मी ऱ्हायलो.”

आणि पहिला हसला तो स्वतःच. मग सगळे हसलो. डेप्युटी मॅनेजर घोडी शोधायला धावला, त्याच्या मागं दत्ता आणि राणीवरून रफिकभाई निघाले, आणि ते तिघं घोडी घेऊन परत आले तेव्हा एकाच थर्मासातला चहा पीत होते.

त्यानंतर लाडवाला मान आला. पडणं इतकं प्रतिष्ठेचं झालं, की एक जण उभ्या घोड्यावरून हळूच घसरला आणि हात पुढे केला. काकांनी तपास केला आणि निकाल दिला, मुद्दाम पडलेल्याला अर्धा. घाटवाले क्लबच्या पोरींना खोगिराशिवाय बसायला शिकवू लागले. क्लबवाल्यांनी घाटवाल्यांच्या डोक्यावर हेल्मेटं चढवली. मधे नवीन आलेल्या एका गृहस्थांनी तक्रार केली, की वरातीची घोडी इथं कशाला, त्या घोडीवाल्याला खाली उतरायला सांगा. काका नेहमी मऊ बोलणारे, पण त्या दिवशी आवाज चढला. “इथं कुणी कुणाला खाली उतरवायचं नाही. पडायचं तर आपल्या मनानं पडा.” आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

एवढं सगळं करणारा माणूस स्वतः मात्र घोड्यावर बसत नव्हता. कधीच नाही. सगळ्या मैदानाला तोच एक प्रश्न पडला होता. विचारलं की सबबी तयार असत. आज गुडघा. आज बीपी. आज वारा उलटा आहे. काहीच नसलं तर, “सेफ्टीवाल्यानं मशीन चालवायची नसती.” पण मी त्यांना बघत असे. जाताना ते राणीपाशी थांबायचे, तिला गूळ द्यायचे, रिकिबीवर हात ठेवायचे. एक पाय किंचित उचलायचे आणि परत खाली ठेवायचे. त्यांना बसायचं होतं. इतकं बसायचं होतं, की बघवत नसे.

गेल्या महिन्यात एका रविवारी लाडवांबरोबर काकूही आल्या. रफिकभाईंनी नुकतीच एका लग्नावरून आणलेली राणी सजवलेलीच होती, कपाळावर झालर, गळ्यात माळा. काकूंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग गोल जमला. काकांनी नेहमीसारखं विचारलं, “नियर मिस सांगा.”

काकू पुढे आल्या. “ह्यांचाच एक राहिलाय सांगायचा.”

काका म्हणाले, “घरी बोलू.”

“घरी लई बोललो. इथं सांगा. इथं कुणी ओरडत नाही म्हणलाव ना?”

काकांनी हेल्मेट काढलं. मी त्यांना पहिल्यांदाच बिनहेल्मेटचं पाहिलं. मोठा दिसणारा तो माणूस एकदम लहान दिसला.

“आमच्या लग्नात मी घोड्यावर होतो,” ते म्हणाले. “पांढराच होता. हिच्या गावच्या वेशीपाशी वरात आली आन् काही लोक आडवे आले. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं म्हणले, उतर. तुम्ही लोकांनी बसायचं नसतं. बँड बंद झाला. मी उतरलो. चालतच मांडवात गेलो. त्यानंतर बसलो नाही.”

“मी मांडवात उभी होते,” काकू म्हणाल्या. “बँडचा आवाज बंद झाला तेव्हाच कळलं मला.”

कुणालाच टाळ्या वाजवायचं सुचलं नाही. मला त्या वेशीवरच्या माणसांचा फार राग आला. दत्ता मान खाली घालून उभा होता. गावकीतला माणूस, वेस काय असते ते त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तो पुढे आला, खाली वाकून काकांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “काका, माझी घोडी घ्या.”

“घोडी माझी जाणार,” रफिकभाई म्हणाले. “ही वरात आहे, दत्ताभाऊ. वरातीला राणीच लागते. तुमची भिर्र करून नदीला नेईल काकांना.”

यावर दोघांची खरोखरची जुंपली. काकांनीच शिट्टी मारून ती मिटवली आणि राणी ठरली. मग काकांनी पट्टा तपासला, रिकीब तपासली, लगाम तपासला, परत पट्टा तपासला. “बास झालं तपासणं,” काकू म्हणाल्या. डेप्युटी मॅनेजरनं रिकीब धरली, दत्तानं लगाम धरला, रफिकभाईंनी पाठीला हात दिला. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला काका वर होते.

कुणीतरी गाडीच्या स्पीकरवर वरातीचा बँड लावला. राणी थांबली आणि नाचायला लागली. तिला काय, तिचं कामच ते. काकांनी दोन्ही हातांनी खोगीर धरलं आणि वरून हुकूम सोडला, “आवाज कमी करा, अपघात होईल.” आवाज कुणी कमी केला नाही. क्लबवाले नाचत होते, घाटवाले नाचत होते, मी माझ्या पाठीची पर्वा न करता नाचत होते. काकू मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या, पदर नीट करून.

वरात बाभळीपाशी पोचली. बँड चालूच होता. काका रडत होते आणि ते लपवत नव्हते. काकूंनी वर बघितलं, डब्यातला लाडू काढून त्यांच्या हातात दिला. नियमानं तो पडलेल्याचा, पण कुणी हरकत घेतली नाही.

“पोचलाव,” काकू म्हणाल्या. “उतरा आता. दमलाव.”

काकांनी लाडू तोंडात टाकला, दत्ताच्या हातातून लगाम आपल्याकडे घेतला.

“उतरतो की,” ते म्हणाले. “पण माझ्या मनानं.”

आणि राणीचं तोंड वळवून ते परत मैदानाकडे निघाले.