बिनझाकणाचं घर

विश्राम मास्तर रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं तर बघून न बघितल्यासारखं करतात. सपाट छपराचं घर दिसलं तर मात्र थांबून हात जोडतात. वाढवून सांगत नाही. ऐन गणपतीच्या गर्दीत, अख्खं पेण मूर्तींपुढे हात जोडत असताना हा माणूस मूर्तींच्या दुकानावरच्या छज्ज्यापुढे हात जोडून उभा होता. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला.

मास्तर आमचे शेजारी. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि रिटायर झाल्यावर पेण-रोह्यातली साठेक वर्षांपूर्वीची ‘मॉडर्न’ घरं शोधायचं काम अंगावर घेतलं. सांगितलं कोणी, तर कोणीच नाही. आमची ही गावं मुळात कौलांची. उतरती छपरं, लाकडी खांब, पुढे पडवी. त्यात त्या काळी मुंबई बघून आलेल्या चार हौशी लोकांनी सपाट स्लॅब टाकले, सिमेंटच्या जाळ्या बसवल्या, बाल्कनीचे कोपरे गोल केले, खाली मोझेकच्या फरश्या घातल्या. दोन-चार पावसाळ्यांत स्लॅब गळले आणि हौस फिटली. मग ज्याने त्याने गच्चीवर लोखंडी पाइप उभे करून वर पत्रा घातला. आता तर आमच्याकडे पत्र्याशिवाय स्लॅब पुरा झाला असं कोणी धरतच नाही.

मास्तर पत्र्याला पत्रा म्हणत नाहीत, झाकण म्हणतात. “रेषा बघ रे सुरेश, रेषा! कशी सरळ गेलेय,” असं म्हणत ते मान वर करतात, वर निळं झाकण दिसतं आणि त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं. मान वर करून चालायच्या नादात दोनदा गटारात गेले. दुसऱ्या वेळी पाय मुरगळला, तरी बाहेर काढणाऱ्याला त्यांनी आधी समोरची जाळी दाखवली.

दहा वर्षांपूर्वी मी माझ्या गच्चीवर पत्रा घातला, तेव्हा मास्तर तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. टोमणे मात्र चालू होते, ते माझ्या बायकोमार्फत यायचे. “सुनंदा, सांग गो त्याला. भांडं झाकतात, घर नाय.” मंदाकाकू, म्हणजे मास्तरांची बायको, मागे उभी राहून कसनुसं हसायची. काकूच्या पोह्याच्या पापडांचं पेणमध्ये नाव होतं. ती जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मास्तरांचं हे वेड जास्तच वाढलं.

गंमत म्हणजे हे स्वतः राहतात कौलारू घरात. वर फणसाची एवढी दाट सावली की भर दुपारी दिवा लावावा लागतो. एकदा विचारलं, एवढं प्रेम आहे तर स्वतः का नाही बांधलंत मॉडर्न घर? तर म्हणाले, माझ्या घराचं मी बघीन, तू तुझं झाकण सांभाळ.

माझ्या कंपनीला सुट्टी असली की मास्तर सकाळीच दारात हजर. खांद्याला पिशवी, पिशवीत टेप आणि चित्रांची वही. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, आणि वाटेत शिव्याही मलाच. रोह्यात एका आळीत त्यांनी टेप लावून एका घराचा छज्जा मोजला, तर आळीत बोंब झाली की रस्ता रुंद करणार, मोजणीवाले आलेत. अर्ध्या तासात माणसं घरपट्टीच्या पावत्या घेऊन आमच्याभोवती जमली. एकाने तर रस्त्यावर पुढे काढलेला पत्रा घाईघाईने उतरवून घरामागे लपवला. मास्तरांना भरून आलं. आपल्या शब्दाला रोह्यात अजून मान आहे, असं मला परतीच्या वाटेवर नागोठण्यापर्यंत ऐकवत होते. पुढल्या आठवड्यात पत्रा पुन्हा जागेवर होता. मी काही त्यांना सांगितलं नाही.

वहीत प्रत्येक घराचं चित्र. हात अजूनही सुरेख, पण प्रत्येक गच्चीवर बारीक बारीक गोल काढलेले, ओळीने. मी म्हटलं, मास्तर, गच्चीवर माश्या बसल्यात. त्यांनी वही मिटली ती पुन्हा मला दाखवली नाही.

सगळा शोध संपून शेवटी बिनझाकणाचं एकच घर उरलं. रोह्याचं, कुसुमताईंचं. पंच्याहत्तरीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. यंदा मे महिन्यात त्यांच्या अंगणात नवे पत्रे येऊन पडल्याचं कळलं आणि मास्तरांनी मला रात्रपाळी करून आलेला तसाच स्कूटरवर बसवलं.

तिथे मास्तर अर्धा तास बोलले. छज्जा, रेषा, काय काय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आतली खोली दाखवली. छताला हिरवा-काळा डाग, त्याच्या बरोबर खाली त्यांचा पलंग. मी मनात म्हटलं, घ्या आता तुमची रेषा.

मास्तरांनी मान वर करून डाग बघितला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वही काढून बाईंच्या हातात दिली. कुसुमताईंनी चष्मा लावला, दोन-तीन पानं उलटली आणि गोलांवर बोट ठेवलं.

“हे पापड हायत ना, मास्तर?”

“व्हय,” मास्तर म्हणाले. “आमच्या घरावर ऊन नाय. मंदा सूप डोक्यावर घेऊन लोकांच्या गच्च्या मागत फिरायची. मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात तुला सपाट छप्पर घालतो. दर उन्हाळ्यात म्हणायचो.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पण मला आठवलं. काकू पापड आमच्याच गच्चीवर वाळत घालायची. माझ्या पत्र्यानंतर कुठे जात असेल, हा प्रश्न मला दहा वर्षांत एकदाही पडला नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

कुसुमताई म्हणाल्या, “पत्रा सोमवारी चढवतायत. रविवारचं ऊन तुमचं.”

शनिवारी सुनंदाने पीठ कुटून पापड लाटले. काकूनेच तिला शिकवले होते. रविवारी सकाळी ते घेऊन आम्ही रोह्याला गेलो आणि गच्चीभर जुनी लुगडी अंथरून त्यांवर पापड मांडले. मास्तर दिवसभर काळी छत्री घेऊन कावळे हाकत बसले. वही पिशवीतच राहिली. उन्हं कलल्यावर कडक वाळलेले पापड त्यांनी एकेक करून उचलले, निम्मे कुसुमताईंना दिले.

“चढवा बाई उद्या पत्रा,” ते म्हणाले. “अंथरूण भिजू नये.”

पत्रा हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

येताना नागोठण्याजवळ एक सपाट छपराचं घर लागलं. सवयीने मी स्कूटर हळू केली. मास्तरांनी घराकडे बघितलं, पण हात जोडले नाहीत. पापडांचा डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता.