सुलभाताई आणि उंदरांचं जेवण

डॉ. सुलभा वैरागडे उंदरांवर कधीही ओरडत नाहीत. पिंजरा उघडताना त्या हलक्या आवाजात "ये बाप्पा, घाबरू नको" म्हणतात. ओरडणं त्यांनी माणसांसाठी राखून ठेवलं आहे, आणि गेली अकरा वर्षं त्यातला मोठा वाटा माझ्याकडे येतो.

मी त्यांच्या लॅबची मॅनेजर. हातमोज्यांपासून उंदरांच्या खाण्यापर्यंत सगळं मी मागवते. मिनेसोटातल्या एका विद्यापीठात ताई मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या प्राध्यापक आहेत आणि वीस वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या आहेत. यकृतात चरबी साठते, ती काही जणांत पुढे कॅन्सरपर्यंत का जाते आणि काही जणांत का जात नाही? हा प्रश्न सोडला तर जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींचा त्यांना राग येतो. मीटिंगांचा, लंचच्या सुट्टीचा, शुक्रवारी खूश दिसणाऱ्या लोकांचा. विद्यार्थ्यांनी लिहिलेलं पान त्यांच्याकडून परत येतं तेव्हा लाल शाईनं इतकं भरलेलं असतं, की मूळ मजकूर शोधावा लागतो.

"कंट्रोल कुठाय?" हा त्यांचा सगळ्यांना एकच प्रश्न. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट, ज्याला औषध दिलेलं नाही. आमच्या शहराजवळ ईडन प्रेरीला, मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकांनी सांगितलं, कारल्याच्या रसानं माझी शुगर उतरली. ताई मोदकाचं ताट बाजूला सारून उभ्या राहिल्या.

"कंट्रोल कुठाय? तुमच्यासारखाच, पण रस न पिणारा माणूस दाखवा."

"माझा धाकटा भाऊ आहे ना, टेक्सासात प्लेनोला."

"त्याची शुगर?"

काका जरा घुटमळले. "त्याचीपण उतरली. पण त्याला सूनबाई गोड खाऊच देत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मलापण आता ही देत नाही," काका म्हणाले. काकूंनी मान डोलावली. ताईंनी काकांकडे असं बघितलं, की पुढच्या वर्षी ते आरती संपायच्या आत घरी गेले.

एवढं सगळं सांगितलं, कारण फेब्रुवारीत जे झालं त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

ताईंचं फुल प्रोफेसरपद, म्हणजे प्राध्यापकांतली सर्वांत वरची पायरी, दोनदा हुकलं होतं. तिसऱ्यांदा सगळी भिस्त एका पेपरवर होती. दीड वर्ष एका गटाच्या उंदरांना चरबीचं खाणं, दुसऱ्याला बिनचरबीचं. पहिल्या गटाच्या यकृतात गाठी झाल्या, दुसऱ्याच्या नाही. निकाल इतका स्वच्छ, की ताई आठवडाभर कोणावर ओरडल्या नाहीत. आम्ही सगळे काळजीत.

मग पेपर पाठवायच्या आदल्या दुपारी त्यांनी खाण्याच्या पिशव्यांचे कॅटलॉग नंबर तपासले.

"नंदा, इकडे ये. हे काय मागवलं?"

प्रयोग सुरू करताना दुसऱ्या गटाचं ठरलेलं खाणं, म्हणजे पहिल्यासारखंच पण चरबी काढलेलं, कंपनीकडे संपलं होतं. चार महिने मिळणार नव्हतं. मी त्याऐवजी धान्याचं साधं खाणं मागवलं. त्यातही चरबी कमीच होती. म्हटलं, उंदीरच तर आहेत, खातील.

तेलाचा दोष शोधायचा तर एका घरी मैद्याच्या पुऱ्या आणि दुसऱ्या घरी मैद्याचेच फुलके वाढायला हवेत. मी दुसऱ्या घरी ज्वारीची भाकरी वाढली. आता गाठी तेलानं झाल्या की मैद्यानं, कोण सांगणार? दीड वर्ष पाण्यात गेलं.

"काहून गं? डोकं घरी ठेवून येते का तू? अकरा वर्षं उंदरांत काढली, आणि उंदराला असलेली अक्कल नाही तुला!" त्या पाऊण तास ओरडल्या. मी ऐकून घेतलं. माझं चुकलंच होतं. नोकरी जाणार हे मी धरून चालले आणि घरी जाऊन नवऱ्याला तसं सांगितलंही.

ताईंनी पेपर थांबवला. कोणी मागितलं नसताना विभागप्रमुखांना लिहून कळवलं. तिसऱ्यांदाही प्रोफेसरपद गेलं. माझी नोकरी मात्र जागेवर. का, ते मला महिनाभरानं लिफ्टमध्ये कळलं. विभागप्रमुख मला हळहळून म्हणाले, "इतक्या अनुभवी बाईनं स्वतः चुकीचं खाणं निवडावं, कमाल आहे!"

मी तरातरा ताईंच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

"चूक माझी होती. ती तुम्ही स्वतःच्या नावावर का टाकलीत? मला विचारलंत? मी काय लहान आहे?"

"ओरडू नको. ऑर्डरच्या फॉर्मवर सही कोणाची आहे?"

"तुमची. पण तुम्ही न वाचता केली होती!"

"ते नाही लिहिलं मी त्यांना. सही माझी, म्हणजे निवड माझी."

"सगळ्यांचे स्वल्पविरामसुद्धा तपासता तुम्ही. तो एक फॉर्म तेवढा कसा सुटला?"

ताईंनी चष्मा काढला. तो पुसायला काही सापडेना, म्हणून पदराऐवजी लॅबकोटाचं टोक धरलं.

"एक कसला? तुझा कागद मी कधीच वाचत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांवर नजर ठेवून थकायला होतं, नंदा. एक तरी माणूस असा पाहिजे ना, की ज्याचं वाचावं लागत नाही."

मला भयंकर राग आला. अकरा वर्षांत बाईंनी हे एकदा तरी सांगायचं! सांगितलं असतं, तर मी त्या पिशवीचा नंबर शंभरदा बघितला असता.

"आणि रडायचं असेल तर बाहेर जा," ताई चष्मा लावत म्हणाल्या. "नवे उंदीर सोमवारी येतायत. खाणं मागवलंस का?"

मी तयार केलेला फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. ताईंनी एका विद्यार्थ्याला फोन लावला, त्याच्यावर ओरडायला सुरुवात केली, आणि ओरडता ओरडताच, फॉर्मकडे न बघता, तळाशी सही करून तो माझ्याकडे सरकवला.

कॉरिडॉरमध्ये खिडकीपाशी उभं राहून मी तो वाचला. मग आणखी एकदा. मग बोट ठेवून, एकेक आकडा.