व्यंकटी आबांची वंदना मी मशीनवर टाकली

लिनक्स आलं की जग आपल्या मुठीत, असं माझं पक्कं मत होतं. 'होतं' असं म्हणून राहिलो, हे ध्यानात घ्या! नांदेडच्या क्लासला जाऊन मी सर्व्हर सांभाळायचं शिकत होतो. कोर्स संपला की पुण्याच्या कंपनीत नोकरी, एवढा सरळ बेत. तोवर हात बसायला एक मशीन पाहिजे होती, आणि हदगावजवळच्या आमच्या गावात तशी एकच बेवारस पडली होती, विहाराच्या वाचनालयातली. कुण्या साहेबानं बदली होताना दान दिलेला कॉम्प्युटर. चालू करावा आणि घरी जाऊन चहा पिऊन यावं, तोवर तो जांभया देत असायचा. मी तो पार पुसला, त्यात फुकटातलं लिनक्स टाकलं, आणि गडी वासरासारखा उधळला! आता त्याला काम पाहिजे होतं. ते मी शोधलं. तिथंच माती खाल्ली.

आमच्या विहारात रोज पहाटे साडेपाचला भोंग्यावर बुद्धवंदना लागते. लावायचे व्यंकटी आबा. आबांची बायको वारलेली, पोरगा पुण्यात, घरी सून जगदेवी. थंडी असो, ताप असो, आबा उठणार, आंघोळ करून पांढरा सदरा घालणार आणि विहारात जाऊन ॲम्प्लिफायरचं बटन दाबणार. त्या आवाजावर गावाच्या चुली पेटायच्या, दूध निघायचं, पहिली एसटी भरायची. जगदेवी वहिनी म्हणायची की आमचा म्हातारा भाकरीवर न्हाई, त्या बटनावर जगून राहिला. हे मी कितीदा तरी ऐकलं होतं. हसून सोडून दिलं होतं.

मी आबांना गाठून सांगितलं की उद्यापासून खामखा उठू नका, मशीनच वंदना लावंल.

आबांनी मशीनकडं बघितलं. "तिला येळ कळंल का लेका?"

मी म्हणालो, "आबा, तिला चुकायचंच कळत नाही!"

ते गप बसले. मला वाटलं, खूश झाले. गप बसलेला माणूस खूश असतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

लिनक्समध्ये ठरल्या वेळेला आपोआप काम करून घ्यायची सोय असते. एका ओळीत मिनिट लिहायचं, तास लिहायचा. जिथं आकड्याऐवजी चांदणीची खूण ठोकाल, तिथं मशीन 'दर मिनिटाला' नाहीतर 'दर तासाला' असं समजते. मी ओळ लिहिली. नवी वंदना सुरू होताना जुनी चालू असली तर ती आधी बंद व्हावी, अशी खबरदारीही घेतली. मग मशीन आणि ॲम्प्लिफायर कपाटात कोंडून किल्ली खिशात घातली. हुशारी नुसती उतू चालली होती!

पहाटे साडेपाचला काहीच वाजलं नाही.

गाव घोरत पडलं. पहिली एसटी रिकामी गेली, दूधवाला वाट बघून निघून गेला. आबा तेवढे जागे होते. ते माझ्या दारात आले, पण मीही झोपलेलोच. मला तरी कोण उठवणार? शेवटी आईनं हलवून जागं केलं. आबांनी विचारलं, किल्ली दे, म्या लावू का? मी डोळे चोळत सांगितलं की हात लावू नका, मशीनचं मी बघतो. आबा परत गेले.

त्या दिवशी संघपाल काकांच्या लेकीचा, समीक्षाचा, विहारात साखरपुडा होता. हिमायतनगरहून पाहुणे आलेले. आधी नाश्ता, मग वंदना आणि पुढचा कार्यक्रम असं ठरलं होतं. हातात भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या गरम सुशीलाच्या प्लेटी आल्या, पहिला घास उचलला, आणि साडेदहाला भोंगा सुरू झाला!

मला लगेच उमगलं. मशीनचं घड्याळ मी आपल्याकडचं लावलंच नव्हतं. ते विलायती वेळेवर चालत होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तिच्या लेखी आत्ता कुठं पहाटेचे पाच वाजले होते.

वंदना लागली म्हटल्यावर सगळे प्लेटी खाली ठेवून उभे राहिले, हात जोडले, आवाजात आवाज मिळवला. मी मनात म्हणालो, चला, निभावलं. पण मिनिटभर झालं आणि वंदना मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग परत तेच. मिनिटाच्या जागी तीस लिहायचे, तिथं मी चांदणी ठोकली होती! म्हणजे साडेपाचला एकदा नव्हे, पाचच्या ठोक्यापासून तासभर, दर मिनिटाला, नवी वंदना. आणि जुनी आधी बंद करायची खबरदारी तर मी घेतलेलीच होती.

चालू वंदनेत बसायचं नाही, खायचं नाही, बोलायचं नाही. सुशीला गार झाली. पाहुण्यांची एक म्हातारी पाय बदलून बदलून बेजार झाली. संघपाल काका माझ्याकडं असे बघत होते की मला साखरपुड्याऐवजी माझी शोकसभा दिसायला लागली.

मी सरकत सरकत आबांजवळ गेलो. हळूच म्हणालो, "आबा, वायर ओढू का?"

"वंदना मधात तोडत न्हाईत."

"ती संपतच नाही, आबा."

"मग हुभा ऱ्हाय," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

शेवटी लाईट गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी लाईट गेल्याबद्दल मनातल्या मनात हात जोडले. हिमायतनगरचे मोठे पाहुणे खाली बसत म्हणाले की तुमच्या गावची वंदना लई मोठी असते बुवा. साखरपुडा झाला, समीक्षा हसली, माझी फजिती हदगावच्या बाजारापर्यंत पोचली. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते पुढचं. मी घड्याळ सुधारलं, चांदणी काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून वंदना बरोबर साडेपाचला लागायला लागली. मी छाती काढून फिरलो. मग जगदेवी वहिनी भेटली. म्हणाली, मामंजी अजून पहाटे उठतात, आंघोळ करतात, सदरा घालून खाटेवर बसतात. भोंगा वाजला की सदरा काढून खुंटीला लावतात आणि परत आडवे होतात. चहा पण नको म्हणतात.

मला लई वाईट वाटलं. तसाच विहारात गेलो, ती ओळ पुसली, ॲम्प्लिफायरचं बटन पहिल्यासारखं केलं आणि किल्ली घेऊन आबांकडं गेलो. म्हणालो, आबा, चुकलं माझं, मला वाटलं तुमचं काम सोपं होईल.

आबांनी किल्ली हातात घेतली. "मला कुठं अवघड होतं?" एवढंच म्हणाले. मग किल्ली माझ्याच हातात ठेवली आणि कुशीवर वळले.

तर सध्या सर्व्हर सांभाळायला शिकलेला हा गडी रोज काळोखात उठतो आणि हातानं बटन दाबतो. परवा मला जाग यायला जरा उशीर झाला. वंदना लावून बाहेर आलो, तर जगदेवी वहिनी पायरीशी उभी. आबांचा निरोप होता: "साहेबाला म्हणावं, आज येळ चुकली."

आबा मला जन्मल्यापासून धम्या म्हणायचे.