इल्पोने साइट दुरुस्त केली

"शनिवारपर्यंत क्लबची वेबसाइट अशी पळवतो की बघतच राहाल!" इल्पोने क्लबच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं. फिनलंडच्या आमच्या कोपऱ्यात बैठकीत एवढा आवाज कोणी करत नाही. दोघांच्या कपातली कॉफी सांडली.

गोठलेल्या तळ्याकाठी क्लबचा सॉना होता, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेची लाकडी खोली. आत घाम काढायचा आणि बाहेर बर्फात कापलेल्या भोकात बुडी मारायची! पण यंदा तिकडे कोणी फिरकत नव्हतं. शनिवारी नगरपालिकेच्या बाई पाहणीला येणार होत्या आणि सॉना रिकामा दिसला, तर कुलूप ठोकणार होत्या. बायको गेल्यापासून इल्पोशी चार शब्द बोलणारी माणसं तिथेच काय ती भेटत.

"साइट उघडत नाही, म्हणून लोक येत नाहीत," त्याने निदान केलं. साइटही त्याचीच. सॉनाच्या पायरीवर रोखलेला कॅमेरा त्यानेच बसवला होता. पायरीवर किती जोड बूट आहेत ते साइटवर घरबसल्या दिसायचं.

त्याने चार ब्राउझर तपासले. एकात बटणं तळाशी जाऊन बसली, दुसऱ्यात पायरी शिडीसारखी लांबली. पण रडतखडत चालण्यात मात्र चौघांची एकी होती! पान उघडेपर्यंत कॉफी करून, पिऊन, कप विसळून व्हायचा.

मग काहीतरी खाटखूट करून चाचणीसाठी त्याने सगळ्या सभासदांना फर्मान काढलं, "शनिवारी दुपारी चारला आपापल्या ब्राउझरमध्ये साइट उघडा. एकदम!"

आमची माणसं शिस्तीची. ठरल्या मिनिटाला सगळ्यांनी उघडली. काहींनी तर खबरदारी म्हणून तीन-तीन ब्राउझरमध्ये उघडली! साइटने एक आचका दिला आणि मान टाकली. कॅमेरासुद्धा गेला.

इल्पोने तासभर ती उठवायची खटपट केली, पण व्यर्थ. बाई आता येतीलच! त्याने बर्फावरची घसरगाडी काढली आणि पाय मारत तळ्याकडे सुटला. निदान एक माणूस तरी आत दिसायला हवा.

पायरीवर बुटांचा ढीग होता! त्याने दार उघडलं. बाकांवर माणसं खेटून बसली होती. सगळ्यांच्या डोक्यावर वाफेचा ताप लागू नये म्हणून लोकरी टोप्या होत्या आणि चेहरे चोरी पकडल्यासारखे.

"तू कसा काय आलास?" त्याने म्हाताऱ्या रायमोला विचारलं.

"साइट बंद पडली ना! म्हटलं, आज कोणी येणार नाही. निवांत एकट्याला बसता येईल."

"मीही तेच म्हटलं," कोपऱ्यातून आवाज आला.

"मीपण!"

"मग एरवी?"

"एरवी कॅमेरा लावून बसतो. सकाळपासून रात्रीपर्यंत. पायरी रिकामी दिसली की निघायचं, असं ठरवून."

"सगळेच?" इल्पो किंचाळला. "अरे, दिवसभर सगळे तोच कॅमेरा बघत बसलात, तर साइट चालेल कशी? आणि पायरी तर रिकामीच असते! मग आलात का नाही?"

"रिकामी दिसली की वाटायचं, आता दुसरा कोणीतरी निघाला असेल," रायमो पुटपुटला.

मग कुणीतरी तापल्या दगडांवर पाणी मारलं, फस्स करून वाफ उठली आणि कुणाला तरी हसू फुटलं. बघता बघता अख्खा सॉना हसायला लागला. रायमोने मांडी आवरून इल्पोला जागा करून दिली. "बस रे. किती दिवसांत इथे भेटला नाहीस!" इल्पोला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं ते घामात खपून गेलं.

तेवढ्यात वरच्या बाकावरून एक लालबुंद चेहरा पुढे झुकला. नगरपालिकेच्या बाई! "जरा सरकता का? कुलूप कसलं लावते, मला पाय ठेवायला जागा नाही इथे!"

इल्पोची छाती फुगली. "बघाच! सोमवारपर्यंत साइट पुन्हा सुरू..."

"नको!" सगळे एका सुरात ओरडले.

क्लबची अध्यक्ष हिल्का प्रेमाने म्हणाली, "इल्पो, ती बंदच ठेव. हे काम तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही."