सावधगिरी, पान अकरा

कॉलेजात तास घेण्याआधी तो एकदा घरी घेऊन पाहावा, एवढंच मी ठरवलं होतं.

मी बावीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात पंप सांभाळले. पुस्तकं आणून स्वतःच शिकलो, बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवली. (पहिल्या पेपरला वर्गात शिरलो, तर मुलं पर्यवेक्षक समजून उभी राहिली.) शिकवण्याची पदवी मात्र नाही. तरीही एका कॉलेजाने कळवलं, "वीस मिनिटांचा तास घेऊन दाखवा, मग ठरवू." या वयात अशी संधी काही दोनदा दार ठोठावत नाही.

म्हणून 'पाण्याचा दाब' हा तास मी शब्दन् शब्द वहीत उतरवला. बारा पानं. 'इथे मंद हसावे' हेसुद्धा लिहिलं. वर्ग स्वयंपाकघरात भरला. विद्यार्थिनी एकच, शेंगा सोलणारी बायको.

"अहो, दाढ दुखतेय का?"

"मंद हसतोय. प्रश्न शेवटी विचारायचे."

"शेवट कधी?"

"पान बारा."

पान आठवर प्रात्यक्षिक होतं : 'नळ खोलून आतली रचना दाखवावी.' मी पाना लावून सिंकचा नळ खोलला. आधी मुख्य कॉक बंद करावा, ही सूचना मी लिहिली नव्हती असं नाही. पण ती 'सावधगिरी' या सदरात, पान अकरावर होती. (एखाद्या शिकाऊ माणसाने असं केलं असतं, तर मी त्याला तडक घरी पाठवलं असतं. मी घरीच होतो.)

फवारा छताला लागला. ओट्यावरच्या वहीच्या बारा पानांचा लगदा झाला. मी पाइपवर अंगठा दाबून धरला.

"कॉक कुठाय?" बायको किंचाळली.

"पान अकरा!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका भांडायला आले. "आमच्या घरात धार लागलीय!"

बायको नखशिखांत निथळत होती. तरी विचारती झाली, "एवढ्याशा भोकातून इतका जोर कसा हो?"

मी अंगठा न काढता सांगू लागलो. टाकी किती उंच, पाणी किती खाली, वरच्या पाण्याचा भार खालच्यावर कसा पडतो. काका भांडण विसरून स्टुलावर टेकले.

"म्हणजे तुमच्यापेक्षा माझ्या नळाला जोर जास्त, तो यामुळे?"

"अगदी बरोबर!" आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काही शिकवलं होतं. माझे डोळेही थोडे ओलावले. त्या पाण्यात कुणाला कळलं नाही.

"आता अंगठा काढा," काका म्हणाले. "कॉक मी वर येतानाच बंद केलाय."

"उद्या असंच शिकवा," बायको म्हणाली. "वही बुडाली ते बरंच झालं."

तसंच शिकवलं, आणि निवड झाली. त्या दोघांचे उपकार मी डायरीत तारीख-वार-वेळेसह नोंदवले आहेत.

नेमणुकीचं पत्र आलं, त्या दिवशीही सिंकचा नळ ठिबकतच होता. निदान तेवढं तरी तिच्यासाठी करावं, म्हणून मी पाना घेऊन उठलो. बायकोने तो हळूच काढून घेतला.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मी नळाचं काम येणारा माणूस बोलावलाय."